बाईंची पॅन्ट्री

जोगळेकर बाईंबद्दल विचाराल तर सरळ सांगतो, बाई मला आवडल्या नाहीत. मी त्यांना त्याहून आवडलो नाही. तेवढ्या एका बाबतीत आमचं कधी भांडण झालं नाही. कॅनडात मिसिसागाला मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचो, त्या माझ्या डोक्यावर राहायच्या, आणि मधल्या लाकडी जिन्यावरनं एक स्टीलचा डबा ये-जा करायचा. आमचं जे काय नातं होतं ते सगळं त्या डब्यात मावत होतं, वर झाकणसुद्धा बसत होतं.

बाई म्हणजे काडी. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी, साडीवर करडा कार्डिगन आणि पायात गेलेल्या नवऱ्याचे जाड मोजे. बर्फ पडला की याच साडीवर स्नो बूट चढवून स्वतः ड्राइव्हवे शोव्हल करायला, म्हणजे दारापुढचा बर्फ फावड्यानं ओढायला उतरायच्या. मी म्हणायचो, "बाई, द्या इकडं, मी करतो." तर म्हणायच्या, "तू ओळ मोडतोस." खरंच ओळ असायची. या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेतात कुळव मारल्यासारखी. मी कोरेगावकडचा शेतकऱ्याचा पोरगा, पण माझा कुळव कधी सरळ गेला नाही. म्हणून तर बापानं मला स्वयंपाकाला लावलं.

त्यांचे मिस्टर इंजिनिअर होते. रस्त्यात मराठी माणूस दिसला की लोक गाडी थांबवून गळ्यात पडायचे, त्या काळात आलेली ही माणसं. बाई इथल्या लायब्ररीत होत्या. मिस्टर गेले, नोकरी संपली, मुलगा डॉक्टर होऊन लंडनला गेला. हे मी फोनवर आईला सांगितलं तर आई हळहळली, "अगं बाई, लंडनला! म्हातारीला कोण बघणार?" आता आईला कसं सांगू की हे लंडन आमच्याच ऑन्टारिओ प्रांतात आहे आणि सकाळी चहा घेऊन निघालं तर जेवायला पोचता येतं. तो यायचा नाही. पण बाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. बाकी शब्दांबद्दल मात्र त्या भरपूर बोलायच्या.

मी खोली बघायला गेलो त्या दिवशी साईड डोअरलाच मुलाखत झाली. आत घेतलं नाही. थंडीत मी उभा, आत उबेत त्या.

"काय करतोस?"

"कुक आहे, बाई. त्या पलीकडच्या प्लाझातल्या रेस्टॉरंटला."

"आधी काय करायचास?"

मी छाती काढून म्हणलं, "हिंजवडीला मोठ्या कंपनीत होतो. पॅन्ट्रीत."

बाईंनी असं बघितलं, जसं काय मी तुरुंगात होतो म्हणलं. "पॅन्ट्रीत? माणूस पॅन्ट्रीत काय करतो?"

"चहा, बाई. कॉफी. साहेब लोकांची मीटिंग असली की बिस्किटं."

"ती पॅन्ट्री नव्हे. पॅन्ट्री म्हणजे घरातली कोठीची खोली. डबे, बरण्या, पीठ, मीठ. तिथं शेगडी नसते आणि चहा तर नसतोच."

"पण दारावर पाटी होती की पॅन्ट्री म्हणून."

"पाटी चुकीची होती."

झालं. माझी आख्खी हिंजवडीची नोकरी बाईंनी दारात उभ्या उभ्या खोडून टाकली. माझ्याकडं दहावीचंसुद्धा सर्टिफिकेट नाही, नववीलाच मी आणि शाळा एकमेकांना कंटाळलो. जे काय होतं ते एवढंच होतं, आणि ते चुकीच्या पाटीचं निघालं.

वर बाई सांगायला लागल्या. लॅटिनमध्ये पानिस म्हणजे पाव. त्यावरनं फ्रेंच लोकांनी पाव ठेवायच्या खोलीला नाव दिलं, ते इंग्रजांनी उचललं आणि त्याची झाली पॅन्ट्री. मूळ अर्थ भाकरीची खोली. आणि आपण जो पाव म्हणतो तो पोर्तुगीजांनी आणला, पण त्याचंही मूळ तेच पानिस.

मला फार मजा वाटली. मी म्हणलं, "म्हणजे बाई, आमचा वडापाव आणि तुमची पॅन्ट्री सख्ख्या बहिणी!"

"चुलत," बाई म्हणाल्या. "आणि त्यातली एक हात धुऊन येते."

मग खोली दाखवली आणि नियम सांगितला. "बेसमेंटमध्ये एक माणूस. एक म्हणजे एक. मित्र नाही, पाहुणा नाही, बायको नाही."

"बायको गावाकडंच आहे, बाई. मुलगी पण."

"छान. तिथं हवा चांगली आहे."

आता इथंच माझी गोम होती. मी या थंडीच्या देशात मरायला आलो होतो ते रेखाला आणि मनूला आणायसाठी. व्हिसाचे कागद टाकले होते. आणि बाईंच्या मागच्या कुंपणाच्या पलीकडं शाळा होती. मधल्या सुट्टीत पोरं किंचाळायची तर माझ्या इवल्याशा खिडकीची काच वाजायची. त्या खिडकीतनं मला फक्त गवत दिसायचं, आणि गवतापलीकडं पोरांचे बूट. मी खाटेवर पडून ठरवायचो की त्यातले कुठले मनूचे. मनू चालत शाळेत जाणार, रेखा कुंपणाशी उभी राहून बघणार. म्हणून मी पहिल्या दिवसापासनं एकच काम हाती घेतलं, बाईंना खूश ठेवायचं. आणि मी ज्याला खूश ठेवायला जातो त्याचं काय होतं ते माझ्या सासऱ्यांना विचारा.

डब्याची सुरुवात बाईंकडनं झाली. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी उरली. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर डबा ठेवून ओरडल्या, "उरलीय. टाकायची नाही म्हणून देतेय. गैरसमज नको." जुना, जाड स्टीलचा डबा. त्यावर बाईंच्या लग्नातलं नाव कोरलेलं, सौ. वगैरे सगळं.

आता डबा रिकामा कसा परत द्यायचा? आपल्यात तसं करत नाहीत. काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी तर कुक. मी भारी अंडाकरी केली, डबा गच्च भरला आणि वर नेऊन ठेवला. मला वाटलं अंडं चालत असेल. इतकी वर्षं इथं काढली, लायब्ररीत नोकरी केली, लॅटिन येतं, अंडं तर चालतच असणार!

अर्ध्या तासानं मागच्या अंगणातनं धूर आला. मी खिडकीतनं मान वाकडी करून बघितलं. बर्फात बार्बेक्यू पेटवलेला, त्यावर मोठं पातेलं, पातेल्यात रटरटा पाणी आणि पाण्यात डबा. बाई शेजारी चिमटा घेऊन उभ्या. बार्बेक्यूचा असला सोवळा वापर कॅनडात आधी कुणी केला नसेल.

दुसऱ्या दिवशी डबा पायरीवर आला. उघडला. आत साबणाची नवीकोरी वडी. बाईंनी अपमान केला, पण डबा रिकामा नाही पाठवला! मी त्याच साबणानं आंघोळ केली. उगाच कशाला वाया घालवायचा.

मग हे चालूच राहिलं. मी साधं वरण पाठवलं तर बाईंनी मेतकूट पाठवलं आणि जिन्यावरनं खाली सांगितलं, "तुझ्या वरणात हिंग नव्हता, म्हणून." मी शंकरपाळे दिले तर म्हणाल्या, "दात माझे स्वतःचे आहेत, ते राहू देत," आणि डब्यात लिंबाचं लोणचं आलं. ते असलं अफाट होतं की मी बोटं चाटून शिव्या दिल्या. दोघांनाही हे थांबवता येत नव्हतं. ज्याच्याकडं डबा, त्याला भरणं भाग. बाई माझ्याकडं चुलीत न पेटणाऱ्या लाकडाकडं बघावं तसं बघायच्या आणि तरी डबा भरायच्या. मी पण दात-ओठ खात भरायचो.

त्यांचं सगळं सामान पॅन्ट्रीतनं यायचं. किचनच्या कोपऱ्यात अरुंद दार, कायम बंद. बाई ते अंगापुरतं उघडायच्या, तिरक्या होऊन आत जायच्या आणि मागं लावून घ्यायच्या. मी कधी बल्ब बदलायला नाहीतर जड काही उचलायला वर गेलो आणि तिकडं मान वळली, की आवाज यायचा, "काय पाहिजे?" मला वाटायचं आत नवरा खारवून ठेवलाय का काय. हे मी रेखाला फोनवर म्हणलं तर ती म्हणाली, "तुझं तोंड एक दिवस आपल्याला रस्त्यावर आणणार." बायको आहे, पण बरोबर बोलते.

शब्दांचंही तसंच. बाईंसमोर इंग्रजी शब्द वापरायचा म्हणजे कुत्र्यासमोर हाड टाकायचं. मी म्हणलं, "बाई, बटरी का बॅटरी असलं काहीतरी गाडीचं गेलंय," तर गाडी राहिली बाजूला. बाई म्हणाल्या, "बटरी हा वेगळा शब्द आहे. जुन्या इंग्रजी वाड्यांत पॅन्ट्रीशेजारी असायची. तिचा बटरशी संबंध नाही. तिथं दारूची पिंपं ठेवायचे." मी म्हणलं, "म्हणजे एका खोलीत पाव आणि दुसऱ्या खोलीत दारू? बाई, हे तर आमच्या गावचं हॉटेल झालं." बाईंनी माझ्या तोंडावर किचनची खिडकी लावून घेतली. माझी गाडी चालू व्हायची राहिली ती राहिलीच, मी बसनं कामावर गेलो.

शाळेतला बॉल कधी कुंपणावरनं बाईंच्या अंगणात पडायचा. पोरं कुंपणाला लटकून "मिस, मिस" करायची. बाई बॉल उचलायच्या, आत घेऊन जायच्या, धुवायच्या, पुसायच्या आणि मग परत द्यायच्या. तोवर सुट्टी संपलेली असायची. हसायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. पोरं त्यांना घाबरायची. मी म्हणायचो, पोरांनो, तुमच्यापेक्षा मी जवळ राहतो.

असं करत करत माझं गाडं रुळावर येत होतं. बाईंनी एकदा माझ्या कोथिंबीर वडीला "बरी आहे" म्हणलं होतं. बाईंचं "बरी" म्हणजे दुसऱ्या कुणी सोन्याचं कडं देण्यासारखं. मी मनातल्या मनात बेसमेंटमध्ये मनूची खाट लावून बघायला लागलो. आणि तेवढ्यात चैत्राचं हळदीकुंकू आलं.

इथल्या मराठी मंडळातल्या बायका जमल्या. मला खालनं घडीच्या खुर्च्या वर आणायला बोलावलं. दोन्ही काखेत खुर्च्या घेऊन मी दारात आलो तर बाईंचा वर्ग चालू. पुण्याहून नवीन आलेल्या, सॉफ्टवेअरमधल्या मुली कैरीची डाळ खात ऐकतायत. बाई सांगत होत्या, "कंपनी, कम्पॅनियन, हे सगळे त्याच पानिसचे. कॉम म्हणजे बरोबर. तुमच्याबरोबर बसून जो भाकरी खातो तो कम्पॅनियन. असे चारजण जमले की कंपनी."

"किती छान!" सगळ्या म्हणाल्या.

आणि माझ्या तोंडातनं गेलं, "मग बाई, तुम्हाला कंपनी कोण? पॅन्ट्रीतले डबेच की!"

मला वाटलं हशा येईल. एकजण हसली, तिच्या नाकात पन्हं गेलं. बाकी सगळ्या बांगड्यांकडं बघायला लागल्या. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "खुर्च्या भिंतीला लाव. कार्पेटवर ओढू नकोस."

त्याच आठवड्यात रेखाचा आणि मनूचा व्हिसा आला. टायमिंगचं मला वरदानच आहे.

मी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. तूप लावून, एकावर एक, अशा की माझ्या आईनंसुद्धा नाव ठेवलं नसतं. डबा भरला आणि या वेळेला पायरीवर नाही ठेवला, हातात घेऊन दार वाजवलं. म्हणलं, "बाई, व्हिसा झाला. माझी बायको आणि मुलगी येतायत. मुलगी नऊ वर्षांची आहे, गरीब आहे. आवाज करणार नाही. मागंच शाळा आहे. तेवढं तुम्ही जर..."

बाईंनी डबा घेतला. "बघते," म्हणाल्या.

एरवी डबा दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर यायचा. आला नाही. मी कामावर कांदा कापताना बोट कापलं, मालकानं घरी पाठवलं. त्याच्या पुढच्या दिवशी डबा आला. मी तिथंच पायरीवर बसून झाकण काढलं.

रिकामा. लख्ख घासलेला, कोरडा पुसलेला. तळाला माझं तोंड दिसलं तेवढंच. म्हणजे अगदीच रिकामा नव्हता म्हणा.

मी वर गेलो. "बाई, डबा..."

"धुतलाय."

"ते दिसलं. मला उत्तर पाहिजे होतं."

"दिलं की."

"कारण तरी सांगा. मी त्या दिवशी बोललो म्हणून?"

बाई किचनमध्ये टॉवेलला हात पुसत होत्या. "तुझ्या बोलण्यावर मी घर चालवत नाही," त्या म्हणाल्या. "खालचे आवाज मला वर ऐकू येतात. तू खोकतोस, भांडी आपटतोस, गाणं म्हणतोस, तेही चुकीच्या पट्टीत. एका माणसाचे आवाज मला पाठ झालेत. आणखी दोघांचे या वयात पाठ करणार नाही. पाठ झाले की माणसं जातात."

"आम्ही कुठं जाणार, बाई?"

"सगळे जातात. दार लाव, हीट बाहेर चाललीय."

मी दार आपटलं. खाली येऊन बाईंना ज्या काय शिव्या दिल्या त्या पण त्यांना वर ऐकू आल्या असणार. पाठ करायला एवढं एक नवीन दिलं.

ब्रॅम्पटनला एका सहकाऱ्याच्या ओळखीनं अपार्टमेंट मिळालं, हायवेला लागून. शाळेला बस. निघायच्या दिवशी बाई बाहेर आल्या नाहीत. किल्ली दाराच्या फटीतनं आत टाकली, बास. सामानात डबा तसाच आला. मुद्दाम आणला नाही आणि मुद्दाम परतही दिला नाही.

रेखा आली, मनू आली. हिवाळा अंगावर घेऊन चार गोष्टी मार्गी लागल्या. एका रविवारी रेखानं फळीवरचा डबा उतरवला, त्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "हा कुणाचा? लोकाचा डबा घरात ठेवतात व्हय?"

मी सगळं सांगितलं. अंडाकरी, साबण, रिकामा डबा. मला वाटलं ती माझ्या बाजूनं चिडेल. ती चिडली, पण तिसरीकडंच.

"तिनं रिकामा दिला ते तिच्यापाशी," रेखा म्हणाली. "आपल्याकडनं भरूनच जाईल. बघू दे तिला."

सूड घ्यायची ही रेखाची पद्धत. ग्रोसरीतलं ज्वारीचं पीठ काढून तिनं भाकऱ्या थापल्या, चौकोनी घडी घालून डब्यात बसवल्या, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. म्हणाली, "दे आणि ये. आत बोलावलं तरी जाऊ नकोस." मी म्हणलं, ती भीतीच नाही.

मनूला घेऊन गेलो. दुपारची वेळ, ताजा बर्फ पडून गेलेला, अजून कुणी शोव्हल केलेला नव्हता. ड्राइव्हवेवरनं आमची पावलं उमटत गेली, माझी फताडी आणि मनूची बारकी. बाईंनी बाहेरचं काचेचं दार उघडलं. तोच कार्डिगन, तेच मोजे.

"आणलास डबा? मला वाटलं विकलास."

"गिऱ्हाईक मिळालं नाही, बाई."

बाईंनी मनूकडं बघितलं. "नाव काय?"

"मनस्वी."

"अर्थ माहीत आहे?"

"नाही."

"बापाला विचारू नकोस."

मनू घाबरत नाही, हा तिचा आईकडचा गुण. तिनं विचारलं, "आजी, तुमची भाकरीची खोली कुठंय? पप्पा सांगतात, पॅन्ट्री म्हणजे भाकरीची खोली."

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एवढं एक बरोबर सांगितलंस." आणि डबा घेऊन आत गेल्या.

दार लावलं नाही. ज्या बाईनं मला दोन वर्षं हीटवरनं शिव्या घातल्या, तिनं भर हिवाळ्यात दार सताड सोडलं. आम्ही पायपुसण्यावर उभे, आणि समोर सरळ किचनचा कोपरा. बाईंनी पॅन्ट्रीचं दार उघडलं, पूर्ण उघडलं, दोरी ओढून दिवा लावला. पहिल्यांदा मी आत बघितलं. वरपासनं खालपर्यंत फळ्या, फळ्यांवर डबे, बरण्या, लोणची, पापड, डाळी. लग्नघर जेवेल एवढं. बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. झाकण काढलं. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि खाल्ला. मग दुसरा मोडला.

"पप्पा," मनू कुजबुजली, "आजी उभ्यानं का खातायत?"

"गप."

बराच वेळ गेला. आमचे पाय गारठले. नळाचा आवाज आला. बाई बाहेर आल्या आणि डबा माझ्या हातात दिला. घासलेला, पुसलेला. हलका.

"ठेच्यात मीठ जास्त आहे," बाई म्हणाल्या. "बायकोला सांग. आणि भाकरी कडेला जाड राहिलीय. पुढच्या वेळी पातळ थापायला सांग."

काचेचं दार बंद झालं.

गाडीत बसल्यावर मनूनं झाकण काढलं. "पप्पा, हा तर रिकामाच दिला!"

"त्यांची पद्धतच तशी आहे," मी म्हणलं. घरी गेल्यावर रेखाला मिठाचं सांगायचं कसं, हा माझ्यापुढं मोठा प्रश्न होता.

गाडी चालू करून काच पुसली तर बाई बाहेर आल्या होत्या. साडीवर स्नो बूट, हातात शोव्हल. आम्ही उमटवलेली पावलं काढत होत्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ओळीनं. मी हॉर्न दिला. वर बघितलं नाही. माझी पावलं त्यांनी आधी काढली. बारक्या पावलांशी येऊन थांबल्या, शोव्हलवर हात टेकला, आणि तेवढ्यात आमची गाडी वळली.